शांततेला दिलेले गुण

हॉस्पिस चांगलं की वाईट हे ठरवण्याची माझी एक पद्धत होती, आणि पुष्कळ वर्षं माझा तिच्यावर पूर्ण विश्वास होता. दारातून आत गेलं की मी आधी कानोसा घ्यायचे. कुठे कण्हणं ऐकू येत नाही, नातेवाइकांचा गोंधळ नाही, सिस्टर हलक्या आवाजात बोलताहेत, चादरी पांढऱ्याशुभ्र, खिडकीबाहेर झाडं, कोपऱ्यात एखादी समई तेवते आहे; एवढं दिसलं की मी निर्धास्त व्हायचे. आमच्या कुटुंबाचा एक छोटा धर्मादाय ट्रस्ट आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी त्याच्या देणगी समितीवर आले आणि मरणासन्न रुग्णांची सेवा करणाऱ्या संस्था बघण्याचं काम आपण होऊन मागून घेतलं. समितीच्या तक्त्यात ‘वातावरण’ हा रकाना माझ्या आग्रहामुळे आला आणि शंभरातले तीस गुण त्याला मिळाले. आज तो रकाना तक्त्यात नाही. तोही मीच काढायला लावला. हे मत कसं पालटलं ते सांगावंसं वाटतं, कारण घरातल्या माणसासाठी अशी जागा शोधायची वेळ कुणावरही येते आणि त्या वेळी जो तो मी बघायचे तेच बघतो.

माझं जुनं मत हवेतून आलेलं नव्हतं. माझे वडील अतिदक्षता विभागात गेले. तोंडात नळी, हात कॉटला बांधलेले, उशाशी यंत्रांचा टुकटुक आवाज रात्रंदिवस, आणि आम्ही काचेबाहेर. त्यांच्याशी शेवटचं बोलणं झालंच नाही. पुढे मुंबईत माउंट मेरीच्या परिसरातलं शांती आवेदना सदन पाहिलं तेव्हा मला उन्हातून सावलीत आल्यासारखं झालं. डॉ. लुईस डिसूझा यांनी १९८६ साली सुरू केलेलं हे भारतातलं पहिलं हॉस्पिस. कर्करोगाच्या ज्या रुग्णांना रुग्णालयांनी ‘आता घरी न्या’ म्हणून सांगितलेलं असतं, त्यांना तिथे ख्रिस्ती धर्मभगिनी सांभाळतात आणि पैसे घेत नाहीत. ती निरवता माझ्या मनात मापदंड होऊन बसली. त्या जागेत ती कशातून निर्माण होते, तिच्यामागे किती शिस्तीचं औषधपाणी आणि किती रात्रींची जाग असते, हे मी विचारलंच नाही. मी फक्त तिचं बाह्यरूप उचललं आणि ते जिथे जिथे दिसेल तिथे गुण देत गेले.

मग आक्का आजारी पडल्या. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, साताऱ्याकडच्या. त्यांनी आयुष्यभर मिशरी लावली, आणि वयाच्या पंच्याहत्तरीनंतर गालाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, शेक झाला, वर्षभराने गाठ परत आली आणि गालाला बाहेरून जखम पडली. डॉक्टरांनी पुढचे उपचार थांबवायचा सल्ला दिला. भाचा आणि भाचेसून दोघं नोकरी करणारे. त्यांनी मला विचारलं आणि मी विनासंकोच एका संस्थेचं नाव सुचवलं. माझ्या तक्त्यात तिला वातावरणाचे जवळजवळ पूर्ण गुण होते. नाव इथे लिहीत नाही. तिथली माणसं दुष्ट नव्हती, आळशीही नव्हती.

आक्का तिथे काही आठवडे होत्या. फोन केला की उत्तर एकच: ‘आजी अगदी शांत आहेत, काही तक्रार नाही.’ भेटायला गेलं तर त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या, पदर गालावर घट्ट ओढलेला. विचारलं तर मान हलवायच्या. सकाळी भेटलं तर डोळे जड असायचे. मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की आक्कांनी मनाने सगळं सोडलंय, त्यांचं चित्त आता संसारात नाही. मला ती विरक्ती वाटली. मनोमन आदरही वाटला.

त्या सुमारास गौरी-गणपती आले. नातवाने हट्ट धरला की या वर्षी गौरीला आजी घरी पाहिजे. म्हणून त्यांना पुण्याला भाच्याच्या फ्लॅटवर आणलं आणि आधी दाखवलेल्या रुग्णालयाच्या घरभेटीच्या पथकाला कळवलं. एक नर्स आली, मराठवाड्यातली, पंचविशीची असेल. तिने चपला काढल्या, हात धुतले आणि कॉटशेजारी जमिनीवरच बसली, म्हणजे आक्का भिंतीकडून वळल्या तर तिचं तोंड त्यांच्या तोंडासमोर येईल. मग म्हणाली, ‘आजी, पुरा रुपया म्हणजे जीव नको होईल एवढं दुखणं. तुमचं आत्ता किती आणे दुखतंय?’

आक्कांनी डोळे उघडले. पदराआडून, ओठ न हलवता म्हणाल्या, ‘चौदा.’

‘आणि कधीपासनं?’

‘पहिल्यापासनं.’

मी खोलीतच होते. पहिल्यापासनं म्हणजे त्या शांत वॉर्डातले सगळे आठवडे. त्या बोलल्या नव्हत्या, कारण बोलायला तोंड हलवावं लागतं आणि तोंड हलवलं की कळ मस्तकात जाते. कुणी विचारलंही नव्हतं. संस्थेचे कागद नर्सने चाळले. वेदनेसाठी साध्या गोळ्या आणि त्यांच्या एक पायरी वरची एक. रात्री झोपेचं इंजेक्शन. वेदनेची नोंद कुठेच नव्हती. मॉर्फीन त्या संस्थेकडे मुळात नव्हतंच. ‘आमच्याकडे कुणाला लागत नाही’ असं तिथल्या व्यवस्थापकांनी मला पूर्वी अभिमानाने सांगितलं होतं, आणि मीही ते कौतुकाने टिपून घेतलं होतं.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी मॉर्फीन सुरू केलं. पाच मिलिग्रॅम, चमचाभर पाण्यात विरघळवून. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. रात्री दहाची मात्रा दुप्पट, म्हणजे दोन वाजता रुग्णाला उठवायला नको. मध्येच दुखलं तर द्यायची जादा मात्रा वेगळी आणि ती दिल्याची वेळ वहीत लिहायची. सोबत रेचक पहिल्या दिवसापासून, कारण मॉर्फीनची गुंगी आणि मळमळ थोड्या दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. दोन दिवसांनी वही बघून मात्रा वाढवली.

दुसरी गोष्ट त्याहून साधी होती. नर्सने मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या स्वच्छ कागदात घालून लाटण्याने कुटल्या, त्यांची पूड केली, जखम सलाईनच्या पाण्याने धुतली आणि पूड वरून भुरभुरून पातळ गॉज लावला. भाचेसुनेला दुसऱ्या दिवशी स्वतः करायला लावलं आणि शेजारी उभी राहून बघितलं. जखमेला घाण वास येतो तो तिच्यात वाढणाऱ्या जंतूंमुळे, आणि हे स्वस्त औषध नेमकं त्यांच्यावर चालतं. काही दिवसांत खोलीतला वास गेला. मग आक्कांनी पदर काढला. भिंतीकडे तोंड करून पडायचं कारण तेवढंच होतं: आपल्या वासाचा कुणाला त्रास नको.

वेदना चार आण्यांवर आली आणि आक्का बोलू लागल्या. पेजेत मीठ कमी आहे. पंखा किती जोरात लावलाय. साताऱ्याच्या जागेच्या वाटणीवरून लेकाशी कडाक्याचं भांडण झालं आणि ते मिटलंसुद्धा. पाटल्या कुणाला, मोहनमाळ कुणाला, हे त्यांनी नावं घेऊन सांगितलं. एका दुपारी त्या लहानपणी गेलेल्या मुलीची आठवण काढून मोठ्याने रडल्या. त्या मुलीबद्दल घरात कुणी कधी बोलत नसे. नातू शेजारी बसून मोबाईलवर सिनेमे लावायचा. घरात दिवसभर आवाज होता. दसऱ्यानंतर त्या गेल्या.

त्यानंतर मी या विषयावर वाचायला बसले. आधुनिक हॉस्पिसची सुरुवात जिथून मानतात ते लंडनचं सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये उघडलं, एवढं मला माहीत होतं. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका, आणि मग वयाच्या तिशीत वैद्यकशास्त्र शिकून डॉक्टर झाल्या, हेही माहीत होतं. माहीत नव्हतं ते असं की सेंट क्रिस्टोफर्स उघडण्याआधी लंडनच्याच सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये काम करताना त्या रुग्णांच्या खाटेशी टेपरेकॉर्डर घेऊन बसत आणि त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करत. कळ येण्याची वाट न बघता ठरलेल्या वेळी तोंडावाटे मॉर्फीन देत गेलं तर माणूस शुद्धीत राहून बोलतो, जेवतो, हसतो, हे त्यांनी रुग्णांच्या तोंडून ऐकून नोंदवलं. शरीराच्या दुखण्यात मनाचं, घरच्या काळजीचं, देवाधर्माचं दुखणं मिसळलेलं असतं आणि ते सगळं मिळून एकच दुखणं असतं, हा त्यांचा विचारही त्या ऐकण्यातून आला. म्हणजे या सेवेचा पायाच रुग्णाच्या बोलण्यावर घातलेला आहे. आणि मी न बोलण्याला गुण देत होते.

आता एखादी संस्था बघायला गेले की मी आधी मॉर्फीनचं रजिस्टर मागते. पूर्वी या औषधाची मलाही धास्ती होती. मॉर्फीन लागलं म्हणजे संपलं, ही आपल्याकडची सर्वसाधारण समजूत. औषधाच्या दुकानदारापासून काही डॉक्टरांपर्यंत ती सापडते. खरं तर वेदना मोजून, मात्रा हळूहळू वाढवत दिलेलं मॉर्फीन मरण जवळ आणत नाही, आणि वेदनेसाठी नीट देखरेखीखाली घेणाऱ्याला व्यसन लागण्याची भीतीही फार थोडी. आपल्या देशाचा तर यात विशेष संबंध आहे. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरच्या पट्ट्यात, राजस्थानात, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. इथली अफू जगभर औषधासाठी जात राहिली आणि इथला रुग्ण मात्र गोळीवाचून तळमळत राहिला. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने शिक्षा इतक्या कडक केल्या आणि परवान्यांचं जंजाळ असं केलं की रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणंच सोडलं. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं पाठपुरावा करत राहिले, तेव्हा २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फीनसह काही औषधं अत्यावश्यक ठरली, आणि राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता घेतली की संस्थेला ती ठेवता येतात. त्यामुळे ‘परवानग्या फार कटकटीच्या असतात हो’ हे उत्तर मी आता ऐकून घेते, पण मान्य करत नाही.

रजिस्टर वाचायला येऊ लागलं की ते पुष्कळ सांगतं. मी बँकेत आयुष्य काढलं आहे, नोंदींची भाषा मला कळते. रात्री एक, रात्री तीन, पहाटे साडेचार अशा वेळांना जादा मात्रा दिल्याच्या नोंदी दिसल्या, वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या हस्ताक्षरात, घाईत लिहिलेल्या, की मला बरं वाटतं. त्या वेळी रुग्णाने हाक मारली आणि कुणीतरी जागं होतं. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकसारख्या वळणदार अक्षरात असतील तर त्या एका बैठकीत लिहिलेल्या असतात. मग मी झोपेच्या इंजेक्शनांचा साठा विचारते. जिथे मॉर्फीन नाममात्र आणि गुंगीची औषधं भरपूर, तिथली शांतता कशाची आहे हे मला आता कळतं. एक गोष्ट नीट सांगायला हवी: शेवटच्या दिवसांत काही रुग्णांना गुंगीचं औषध खरोखर लागतं. भ्रम होतो, जीव कासावीस होतो, धाप कशानेच थांबत नाही. तेव्हा ते देणं हीच दया. प्रश्न एवढाच की त्याआधी वेदना विचारली होती का, मोजली होती का, आणि कारण कागदावर लिहिलंय का.

रेचकाबद्दलही विचारते. ऐकणाऱ्याला हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण मॉर्फीनच्या चिठ्ठीवर रेचक नसेल तर लिहिणाऱ्याने हे शास्त्र पुरतं शिकलेलं नाही, हे ओळखायला याहून सोपी खूण मला सापडलेली नाही.

रात्रीच्या गोष्टीवर थोडं जास्त बोलते, कारण दिवसा सगळ्याच संस्था बऱ्या दिसतात. माझी एक पुतणी न्यू जर्सीत असते. तिच्या सासूबाई तिथेच गेल्या, घरीच, हॉस्पिस कंपनीच्या देखरेखीखाली. अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विम्यातून ही सेवा मिळते. आजार नेहमीच्या गतीने गेला तर सहा महिन्यांहून जास्त आयुष्य नाही, असं डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. सेवा देणाऱ्या कंपन्या अनेक, त्यातल्या पुष्कळ नफ्यासाठी चालणाऱ्या, आणि निवड कुटुंबाने करायची. सासूबाई गेल्यावर काही महिन्यांनी तिला एक प्रश्नावली आली. तिथे हे सर्वेक्षण देशभर होतं आणि संस्थांचे निकाल लोकांसाठी जाहीर होतात. तिने मला फोनवर प्रश्न वाचून दाखवले. संध्याकाळी, रात्री, सुट्टीच्या दिवशी मदत मागितली तेव्हा ती लागेल तशी मिळाली का? वेदनेसाठी लागेल तेवढी मदत मिळाली का? औषधांचे दुष्परिणाम कसे ओळखायचे हे तुम्हाला शिकवलं का? तुमचं म्हणणं लक्ष देऊन ऐकलं का? इमारतीबद्दल तिने वाचलेल्या प्रश्नांत काही नव्हतं. तिकडच्या व्यवस्थेतही खोट आहे. ज्यांच्यावर खर्च कमी येतो असे रुग्ण हेरून घ्यायचे, असे आरोप तिथे होतात. पण प्रश्न विचारायचे कुणाला आणि कशाबद्दल, हे त्यांना नेमकं सुचलं आहे. आपल्याकडे रुग्ण गेल्यावर कुटुंबाला कुणी काही विचारत नाही. आम्हीसुद्धा विचारत नव्हतो. देणगी देताना आम्ही विश्वस्तांना भेटायचो, डॉक्टरांना भेटायचो, चहा घ्यायचो. ज्यांचं माणूस तिथे गेलं त्यांना कधीच भेटलो नव्हतो.

आणखी एका बाबतीत माझं मत पार उलटं झालं. ‘किती रुग्ण घरी परत पाठवले’ हा आकडा मोठा दिसला की पूर्वी मला शंका यायची: खाट रिकामी करायला पिटाळतात की काय? पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं उपशामक सेवा केंद्र आहे, कर्करोगाच्या रुग्णांसाठी, विनामूल्य. तिथे रुग्णाबरोबर घरचं माणूस राहतं, आणि वेदना, उलट्या, जखम आटोक्यात आली की बरेच रुग्ण घरी जातात, गरज पडली तर परत येतात. मधल्या दिवसांत घरच्या माणसाच्या हाताला वळण लागलेलं असतं. कूस दर दोन तासांनी कशी बदलायची, चादर ओढून रुग्णाला वर सरकवताना कातडी सोलू नये म्हणून काय करायचं, नाकातल्या नळीतून पातळ पेज किती सावकाश सोडायची. भाचेसून लाटण्याने गोळ्या कुटत होती तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची भीती मी उतरताना पाहिली आहे. म्हणून आता मी नातेवाइकांना बाजूला घेऊन सरळ विचारते, ‘इथे आल्यापासून तुम्हाला स्वतःला काय करता येऊ लागलं?’ काहीच नाही, सगळं सिस्टरच करतात, असं उत्तर आलं तर ते कौतुकाने दिलेलं असतं, पण मला ते खटकतं. केरळमध्ये तर ही गोष्ट घराच्याही बाहेर नेली आहे. कोझिकोडला १९९३ मध्ये डॉक्टरांच्या एका लहान गटाने सुरुवात केली, पुढे गल्लीतले शेजारी, शिक्षक, विद्यार्थी शिकून घरभेटींना जाऊ लागले, आणि २००८ मध्ये राज्याने उपशामक सेवेचं धोरणच जाहीर केलं.

शेवटच्या तासांबद्दल संस्था काय आणि कशी सांगते, हेही मी विचारते. घशात कफ साठून श्वासाला घरघर लागते तेव्हा घरच्यांना वाटतं माणूस गुदमरतंय. धावाधाव होते, सक्शन लावा म्हणतात, ॲम्ब्युलन्स बोलावतात, आणि जे घरी किंवा हॉस्पिसमध्ये व्हावं म्हणून इतकं केलं ते शेवटी अतिदक्षता विभागात होतं. आक्कांच्या वेळी नर्सने हे दोन दिवस आधी सांगून ठेवलं होतं. घरघर लागेल, बहुधा त्यांना ती जाणवणार नाही, एका कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच ठेवा, घाबरलात तर फोन करा, मी उचलेन. माझ्या जाऊबाईंनी गंगाजल आणलं होतं. चमच्याने तोंडात घातलं तर ठसका लागेल म्हणून नर्सने गॉजचा बोळा त्यात भिजवायला सांगितला आणि त्याने ओठ, जीभ, हिरड्या ओल्या करायला लावल्या. तोंड कोरडं पडू नये म्हणून ते तसंही दर तासाला करायचंच होतं. जाऊबाईंचं समाधान झालं, आक्कांना थंडावा मिळाला. आक्का गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात नर्स परत आली, या वेळी भाचेसुनेकडे बघायला. उरलेल्या मॉर्फीनच्या गोळ्या मोजून, वहीत सही घेऊन परत नेल्या.

आमच्या समितीतले एक ज्येष्ठ सहकारी माझ्याशी सहमत नाहीत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ते म्हणतात, मरणाऱ्या माणसाला निवांतपणाचा हक्क आहे. तुमच्या रजिस्टरांपायी तुम्ही त्या जागेचं रुग्णालय करून टाकाल. त्यांनी पत्नीला अशाच एका आश्रमात सांभाळलं आहे, तिथल्या झाडांखाली तिचे शेवटचे दिवस बरे गेले, आणि ते खोटं नाही. स्वच्छता, उजेड, झाडं मला आजही हवीत. पण त्यांच्या पत्नीची वेदना तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी आटोक्यात आणली होती, मग झाडं दिसू लागली, असं मी त्यांना म्हटलं, तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, तो डॉक्टर फार चांगला होता. आमचा वाद संपलेला नाही.

दुसरी अडचण माझी मला दिसते. रजिस्टर मागणारी बाई येणार हे कळलं की रजिस्टरं नीट लिहिली जातील. रात्रीच्या वेळा टाकल्या जातील, शाईसुद्धा बदलली जाईल. म्हणून कागद बघून झाल्यावर मी वॉर्डात जाते आणि परवानगी घेऊन एखाद्या आजी-आजोबांजवळ बसते, विश्वस्तांना बाहेर थांबायला सांगून. त्या नर्सकडून शिकलेला आण्यांचा प्रश्न विचारते. मग विचारते, हेच तुम्हाला इथे याआधी कुणी विचारलं होतं का. दुखणं थोडं असूनही ‘कुणी विचारलं नाही’ म्हणणारे भेटले आहेत, आणि दहा आणे दुखत असूनही ‘हो, सकाळी सिस्टरने विचारलं, औषध वाढवलंय, बघू आता’ म्हणणारेही भेटले. दुसऱ्या उत्तराला मी जास्त मानते. सगळंच दुखणं सगळ्यांचं थांबत नाही. काही दुखणी हट्टी असतात, विशेषतः नसांची. पण ते कुणाच्या तरी हिशेबात असतं.

अक्कलकोटच्या बाजूला एक लहान केंद्र आहे, भाड्याच्या घरात, मोजक्या खाटांचं. बाहेरच्या खोलीत नातेवाइकांचा स्वयंपाक चालतो, कुकरच्या शिट्ट्या वॉर्डात ऐकू येतात, एका आजोबांचा रेडिओ सकाळपासून सुरू असतो. जुन्या तक्त्यात मी त्यांना वातावरणाचे किती गुण दिले असते कोण जाणे. त्यांच्याकडे मॉर्फीनची मान्यता आहे, वेदनेची नोंद दर पाळीत होते, आणि रात्रपाळीला एकच नर्स आहे जिने सुट्टी घेतली की संचालक स्वतः जागतात. त्यांनी आमच्याकडे इमारत मागितलेली नाही. रात्रीच्या दुसऱ्या नर्सचा पगार मागितलाय, दोन वर्षांचा. आमच्या ट्रस्टच्या नियमात पगारासाठी देणगी बसत नाही, फक्त बांधकाम आणि उपकरणं बसतात, कारण त्यांवर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. नियम बदलण्याचा ठराव मी मांडला आहे. पुढच्या बैठकीत मतदान आहे, आणि ते ज्येष्ठ सहकारी अजून कुठल्या बाजूला आहेत ते मला सांगत नाहीत.